गायीच्या जीनोममधला सापाचा तुकडा: बोव्ह-बी आणि आडवी आनुवंशिकता

रानझरा

'गाय म्हणजे पाव हिस्सा साप' अशा मथळ्याची बातमी अधूनमधून फिरत असते. मथळा चुकीचा आहे. त्याच्या मुळाशी असलेलं संशोधन मात्र भक्कम आहे, आणि आनुवंशिकतेबद्दल शाळेत शिकलेल्या चौकटीला त्याने फार मोठा धक्का दिला आहे. म्हणून हा धागा काढतोय.

आधी थोडी पूर्वपीठिका. माणसाच्या डीएनएत प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारा भाग जेमतेम दीड टक्का आहे. याउलट साधारण 45 टक्के भाग अशा तुकड्यांचा आहे, जे कधीकाळी जागा बदलत किंवा स्वतःच्या प्रती काढत जीनोमभर, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएभर, पसरले. हे ट्रान्सपोझॉन. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरच्या रंगीत ठिपक्यांचा माग काढताना ते शोधले. नोबेल मिळायला 1983 साल उजाडावं लागलं.

त्यांचे दोन मोठे गट. डीएनए ट्रान्सपोझॉन सहसा एका जागेवरून सुटतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. रेट्रोट्रान्सपोझॉन आपली जागा सोडत नाहीत. त्यांची आरएनए प्रत निघते, त्या आरएनएवरून उलट दिशेने पुन्हा डीएनए तयार होतो आणि तो नव्या ठिकाणी घुसतो. जुनी प्रत जागच्या जागी, वर एक नवी. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या यांची संख्या वाढत जाते.

बोव्ह-बी हा दुसऱ्या गटातला. लांबी डीएनएची सुमारे 3,200 अक्षरं. आरएनएवरून डीएनए बनवणारं आणि डीएनएला छेद देणारं, अशी दोन्ही कामं करणारी यंत्रणा तो सोबत घेऊनच फिरतो. पहिल्यांदा तो गायीत सापडला. गाय, मेंढी, हरीण अशा रवंथ करणाऱ्या प्राण्यांत तो भरपूर आहे. डुकरात नाही, माणसात नाही.

1998 साली स्लोव्हेनियातले कोर्दिश आणि गुबेन्शेक हे संशोधक व्हायपेरा अमोडायटिस या युरोपीय सापाच्या विषजनुकांवर काम करत होते. घोणशीच्या कुळातला, नाकाडावर शिंगासारखं टोक असलेला हा साप. त्याच्या फॉस्फोलायपेज ए2 या विषप्रथिनाच्या जनुकांत त्यांना बोव्ह-बी दिसला, आणि तो गायीतल्या बोव्ह-बीशी नको तितका जुळत होता. सस्तन प्राणी आणि सरपटणारे प्राणी यांचे पूर्वज 30 कोटी वर्षांहून आधी वेगळे झाले. इतक्या काळात निरुपयोगी तुकड्यात इतके बदल साचायला हवे होते की ओळख पटणंच कठीण व्हावं. त्यांचा निष्कर्ष असा, की हा तुकडा साप-सरड्यांच्या गटातून रवंथ करणाऱ्यांच्या पूर्वजाकडे थेट गेला. आईबापांकडून मुलांकडे नव्हे, एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे.

जिवाणूंमध्ये असं आडवं संक्रमण रोजचं आहे. प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता ते याच वाटेने एकमेकांना देतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असं घडतं हे मान्य व्हायला मात्र वेळ लागला.

आता मथळ्याबद्दल. बोव्ह-बी आणि त्याची यंत्रणा वापरून पसरलेले छोटे तुकडे मिळून गायीच्या जीनोमचा साधारण पाव हिस्सा भरतो, हे बरोबर. पण सापाकडून आल्या असतील त्या मोजक्या प्रती, कदाचित एकच. बाकीच्या साऱ्या रवंथ करणाऱ्यांच्या वंशातच कोट्यवधी वर्षांत वाढल्या. सापाचा कुठलाही गुणधर्म त्यांच्याबरोबर आलेला नाही.

माझ्या मते या कथेतला सगळ्यात मोलाचा भाग वेगळाच आहे. 2022 मध्ये जपानी संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासात जगभरातले बेडूक आणि साप तपासले गेले. बोव्ह-बी सापांकडून बेडकांकडे गेल्याच्या किमान 54 घटना त्यांना सापडल्या, सुमारे साडेआठ कोटी ते तेरा लाख वर्षांपूर्वीच्या. म्हणजे खाणाऱ्याकडून खाल्ल्या जाणाऱ्याकडे! आणि या घटना जगभर सारख्या विखुरलेल्या नाहीत. मादागास्करमध्ये त्यांचं प्रमाण विलक्षण जास्त आहे. बेडकांच्या दोन शाखा आफ्रिकेतून मादागास्करला पोचल्या. आफ्रिकेत असताना त्यांच्यात हे संक्रमण नव्हतं, बेटावर आल्यानंतर झालं.

कोण कोणाच्या पोटी जन्मलं यावर जीनोम ठरतो हे आपण गृहीत धरतो. इथे दिसतं की कोण कुठे राहिलं आणि त्याच्या अंगावर कोणते परजीवी होते, यावरही तो ठरतो. मला या विषयाचं वेड लागलं ते यामुळे. तुमचे प्रश्न, शंका, हरकती जरूर मांडा.

पाऊलखूण

उत्तम धागा. एक शंका. सापाने बेडूक खाल्ला तर बेडकाचा डीएनए सापात जाईल असं वाटतं. उलट कसं? आणि खाल्ल्याने डीएनए जातो असं मानलं, तर तो पोटात पचून जाईल ना? शिवाय संततीत उतरायचा तर तो अंडं किंवा शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोचायला हवा.

रानझरा

पाऊलखूण, तुम्ही नेमका अडसर सांगितलात. जननपेशींपर्यंत पोचणं ही खरी अट आहे. एखाद्या सापाच्या त्वचेच्या पेशीत परका तुकडा शिरला तर तो त्या सापाबरोबरच संपतो. पचनाची वाटही फारशी पटणारी नाही, आणि खाल्ल्याने संक्रमण होत असतं तर दिशा उलटी दिसायला हवी होती.

म्हणूनच रक्त पिणाऱ्यांवर लक्ष गेलं. 2013 मध्ये अ‍ॅडलेड विद्यापीठातल्या वॉल्श, अ‍ॅडल्सन आणि सहकाऱ्यांनी बोव्ह-बीचा वंशवृक्ष मांडला, तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांवर जगणाऱ्या दोन जातींच्या गोचिडींतही त्यांना बोव्ह-बी सापडला. त्याच गटाने 2018 मध्ये वनस्पती, प्राणी आणि बुरशी मिळून 759 जीनोम चाळले. तेव्हा ढेकूण आणि जळू यांच्यातही तो असल्याचं दिसलं. मादागास्करच्या अभ्यासातही परजीवी तपासले गेले, आणि ज्यांच्यात बोव्ह-बी आढळला अशा परजीवींचं प्रमाण त्या बेटावर जास्त भरलं. तेच परजीवी सापाला आणि बेडकाला दोघांनाही लागत असतील, तर शिकार आणि शिकारी यांच्यातली दिशा महत्त्वाची उरत नाही.

एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. गोचिडीत तुकडा सापडणं म्हणजे गोचिडीनेच तो पोचवला याचा पुरावा नव्हे. तिला तो सापाकडूनच मिळालेला असू शकतो आणि पुढे कुठेच गेलेला नसू शकतो. वाहक म्हणून परजीवी हा आज सगळ्यात जुळणारा तर्क आहे, प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट नाही.

मध्यरेषा

विषाणूंचं काय? पेशीत शिरणं हेच तर त्यांचं काम.

रानझरा

त्याचं एक सुंदर उदाहरण आहे. 2007 मध्ये पिस्कुरेक आणि ओकाडा यांना टाटेरापॉक्स या विषाणूच्या जीनोममध्ये सापाचा एक छोटा रेट्रोट्रान्सपोझॉन सापडला. हा देवीच्या विषाणूचा नातलग, पश्चिम आफ्रिकेतल्या जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यातून मिळालेला. आणि तो तुकडा जुळतो कुठे, तर पश्चिम आफ्रिकेतल्याच एका फुरशाशी! म्हणजे त्या विषाणूचा कुठलातरी पूर्वज सापाच्या पेशीत राहून आला असला पाहिजे, आणि तिथला तुकडा त्याच्या डीएनएत अडकला. साप ते विषाणू हा अर्धा प्रवास इथे लिखित स्वरूपात मिळतो. विषाणू ते सस्तन प्राणी हा उरलेला अर्धा प्रवास या उदाहरणात दिसलेला नाही, पण वाट शक्य कोटीतली आहे हे कळतं.

तळटीप

विषय आवडीचा आहे, तरी थोडा विरोधी सूर लावतो. 'आडवं संक्रमण' हा दावा याआधी अनेकदा घाईने झाला आहे. 2001 मध्ये मानवी जीनोमचा पहिला आराखडा छापला गेला, तेव्हा दोनशेच्या वर जनुकं जिवाणूंकडून थेट आली असावीत असं म्हटलं होतं. त्याच वर्षी इतरांनी दाखवून दिलं की तुलनेसाठी पुरेशा प्राण्यांचे जीनोमच तेव्हा हाताशी नव्हते, आणि बहुतेक जनुकं सरळ वारशाने आलेली आहेत. 2015 मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याबद्दल तेच झालं. त्याची सुमारे सहावा हिस्सा जनुकं परकी आहेत असा शोधनिबंध आला, आणि लगोलग दुसऱ्या गटाने दाखवलं की नमुन्यात जिवाणूंची भेसळ होती.

मग सापांच्या बाबतीत भेसळ झाली नाही हे कशावरून? सापाच्या नमुन्यात गोचीड, गोचिडीच्या पोटात गायीचं रक्त, असंही असू शकतं.

दुसरी हरकत. बोव्ह-बी फार पुरातन आहे आणि बहुतेक वंशांतून तो नाहीसा झाला, फक्त साप आणि गायीत उरला, असं का मानू नये?

काचपट्टी

तळटीप यांच्या पहिल्या हरकतीला उत्तर देतो, कारण जीनोम जुळवणं हे माझं रोजचं काम आहे.

भेसळ असेल तर परका तुकडा सुटा दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना यजमानाचा डीएनए नसतो, आणि त्याची वाचनसंख्याही, म्हणजे तो भाग यंत्राने किती वेळा वाचला हा आकडा, उरलेल्या जीनोमपेक्षा वेगळी येते. बोव्ह-बीच्या प्रती गायीत लाखोंनी आहेत, प्रत्येकीच्या आजूबाजूला गायीचाच डीएनए आहे, आणि तीच प्रत त्याच जागी मेंढीतही सापडते. म्हणजे गाय आणि मेंढी वेगळ्या होण्याआधी ती तिथे बसली होती. प्रयोगशाळेतल्या भेसळीने हे होणं शक्य नाही. शिवाय 1998 चं काम पूर्ण जीनोम वाचण्याच्या युगाआधीचं आहे. एकेक जनुक वेगळं काढून वाचलेलं.

टार्डिग्रेडच्या वेळी जी चूक झाली ती जनुकांच्या यादीवर विसंबल्याने झाली. प्रत्येक तुकड्याच्या कडा तपासल्या असत्या तर ती टळली असती. म्हणून कोणी नवा दावा केला की मी आधी कडा पाहतो, आकडे नंतर.

मात्र एखाद्या जीनोममध्ये परक्या तुकड्याच्या दोनचारच प्रती असतील आणि जुळणीही तुटक असेल, तर तळटीप यांची शंका शंभर टक्के रास्त आहे.

रानझरा

काचपट्टी, मनापासून आभार. इतक्या नेमकेपणाने मला सांगता आलं नसतं.

तळटीप, तुमच्या दुसऱ्या हरकतीकडे वळतो. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे प्रतींची वंशावळ कशी लावतात ते आठवा. दोन घराण्यांच्या पोथ्या शतकानुशतकं वेगळ्या उतरवल्या गेल्या असतील, तर दोन्हींत नक्कलकारांच्या वेगवेगळ्या चुका साचलेल्या असतात. अशा दोन पोथ्यांत बाकी सगळा मजकूर दुरावलेला, पण एकच उतारा अक्षरशः सारखा दिसला, तर तो उतारा नंतर एकीतून दुसरीत उतरवला गेला हे उघड आहे.

साप आणि गाय यांच्या बाबतीत हेच तीन अंगांनी तपासतात. पहिलं अंग आढळाचं: गायीत आहे, डुकरात नाही, सापात आहे, पक्ष्यांच्या बहुतेक वंशात नाही. हे एकट्याने पुरेसं नाही, कारण तुम्ही म्हणता तसं नाहीसं होणं शक्य आहे. दुसरं अंग साम्याचं, आणि माझ्या लेखी हेच निर्णायक. साप आणि गाय यांची जी जनुकं सरळ वारशाने आली, निवडीच्या दबावाखाली जपली गेली, त्यांच्यात जितका फरक आहे त्यापेक्षा कमी फरक बोव्ह-बीत आहे. ज्याला जपण्याचं काही कारण नाही असा तुकडा जपलेल्या जनुकापेक्षा जास्त सारखा कसा राहील? बाकीच्या वंशांतून तो नाहीसा झाला असं मानलं, तरी या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. तिसरं अंग वंशवृक्षाचं. बोव्ह-बीच्या प्रतींवरून काढलेला वृक्ष प्राण्यांच्या वृक्षाशी जुळत नाही. गायीचा बोव्ह-बी इतर सस्तन प्राण्यांतल्या बोव्ह-बीपेक्षा साप-सरड्यांच्या बोव्ह-बीजवळ बसतो.

तिन्ही अंगं एकत्र आली तरच दावा उभा राहतो. नुसत्या तुरळक आढळावर कोणी दावा केला तर मीही तुमच्याच बाजूला उभा राहीन.

तळटीप

साम्याचा मुद्दा पटला. संरक्षित जनुकांशी तुलना केली जाते हे बहुतेक बातम्या सांगतच नाहीत, आणि खरा पुरावा तर तोच आहे.

वाळवंटी

सापांचं विष या ट्रान्सपोझॉनमुळे तयार झालं का? धाग्यात विषजनुकांचा उल्लेख आला म्हणून विचारतो.

काचपट्टी

नाही. विषाची जनुकं शरीरातल्या साध्या जनुकांपासून आली आहेत. पचनाची, रक्त गोठण्याची, पेशींना संदेश देण्याची प्रथिनं. अशा जनुकाची दुसरी प्रत तयार झाली, ती विषग्रंथीत काम करू लागली, आणि पुढे बदलत गेली. भारतीय नागाचा जीनोम 2020 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात विषाशी संबंधित 139 जनुकं मोजली गेली, 33 कुटुंबांतली.

ट्रान्सपोझॉनची भूमिका पूरक आहे. एकसारखे तुकडे जवळजवळ असले की गुणसूत्रांची अदलाबदल होताना जोडणी चुकते, आणि मधलं जनुक एका बाजूला दुप्पट होतं, दुसऱ्या बाजूला गळून जातं. रॅटलस्नेकच्या फॉस्फोलायपेज ए2 जनुकांच्या वस्तीत अशा उलथापालथीच्या खुणा स्पष्ट आहेत.

रानझरा यांनी न सांगितलेली एक गोष्ट. 2011 मध्ये दोन सापांची तुलना झाली, बर्मी अजगर आणि कॉपरहेड हा अमेरिकी विषारी साप. दोघांचे जीनोम जवळपास सारख्याच आकाराचे, सुमारे 140 कोटी अक्षरांचे. पण पुनरावृत्त तुकडे अजगरात 21 टक्के आणि कॉपरहेडमध्ये 45 टक्के! पहिला आकडा पक्ष्यांसारखा, दुसरा सस्तन प्राण्यांसारखा. यावरून 'ट्रान्सपोझॉन जास्त म्हणून विष' असं कोणी म्हणू नये. दोन सापांच्या तुलनेतून कारण ठरत नाही.

पाऊलखूण

सापांचे पाय गेले तेही यामुळेच, असं कुठेसं वाचलं होतं.

रानझरा

शरीराची मांडणी ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांच्या वस्तीत बहुतेक कणाधारी प्राण्यांमध्ये ट्रान्सपोझॉनला जवळपास शिरकाव नसतो. साप आणि सरड्यांत मात्र तिथे ते भरपूर घुसलेले आहेत, असं 2010 मध्ये दाखवलं गेलं. ही वस्ती सैलावली म्हणून शरीराचे इतके प्रकार घडू शकले असतील, इथपर्यंत म्हणता येतं. पण सरड्यांतही तेच आहे आणि बहुतेक सरड्यांना पाय आहेत. तेव्हा 'यामुळेच' हा शब्द जास्त होतो.

सागरवेळा

मी समुद्री जीवांवर काम करते, म्हणून समुद्री सापांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'कोण कुठे राहिलं' या मुद्द्याला माझ्या मते मादागास्करइतकाच, किंबहुना त्याहून स्वच्छ पुरावा इथे आहे.

नाग-मण्यारींच्या कुळातल्या सापांनी जमीन सोडून दोन वेगवेगळ्या वेळी समुद्र गाठला. एक शाखा लॅटिकॉडा, म्हणजे समुद्री मण्यारी. त्या अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. दुसरी शाखा खऱ्या समुद्री सापांची. त्या शाखेने फार तर 1 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी समुद्र गाठला. पिल्लं पाण्यातच होतात, जमिनीशी संबंध जवळपास संपलेला.

2020 मध्ये अ‍ॅडलेडच्याच गटाने खऱ्या समुद्री सापांपैकी ऑलिव्ह समुद्री सापात रेट्रोट्रान्सपोझॉनची सात उपकुटुंबं शोधली, जी बाहेरून आलेली आहेत. जमिनीवरच्या त्याच्या जवळच्या नातलगांत त्यातलं एकही नाही. साम्य कोणाशी? मासे आणि समुद्री अपृष्ठवंशी प्राण्यांशी. आणि ती सातही उपकुटुंबं अजून आरएनए बनवतात, म्हणजे बहुधा जिवंत आहेत, अजून पसरत आहेत. त्यांपैकी एकाशी मिळतंजुळतं काही समुद्री मण्यारींत सापडलं, म्हणजे स्वतंत्रपणे समुद्रात गेलेल्या वरच्या पहिल्या शाखेतच!

पुढच्या वर्षी त्याच लोकांनी लॅटिकॉडामधला हार्बिंजर-स्नेक हा डीएनए ट्रान्सपोझॉन वर्णन केला. जमिनीवरच्या नातलगांपासून वेगळं झाल्यानंतर, म्हणजे गेल्या दीड ते अडीच कोटी वर्षांत, तो आत आला आणि जीनोमचा 8 ते 12 टक्के भाग व्यापून बसला. सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यात बाहेरून आलेल्या ट्रान्सपोझॉनचा इतका वेगवान प्रसार तोवर कुठेच नोंदला गेला नव्हता. काही प्रती थेट जनुकांच्या आत शिरल्या आहेत.

म्हणजे कूळ तेच, शरीर जवळपास तेच, फक्त घर बदललं. आणि नव्या घरातले तुकडे जीनोममध्ये आले. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ दुसरं काही करूच शकले नाही.

रानझरा

सागरवेळा, किती सुरेख मांडलंत! हे मी स्वतंत्र धाग्यासाठी राखून ठेवलं होतं, पण तुमच्याकडूनच यायला हवं होतं.

नव्याने आलेला तुकडा इतका का फोफावतो, तेही लिहितो. प्राण्यांच्या जननपेशींत पीआय-आरएनए नावाचे छोटे आरएनए असतात. जुन्या ट्रान्सपोझॉनशी जुळणारे नमुने त्यांच्यात साठलेले असतात, आणि तसा तुकडा डोकं वर काढू लागला की त्याला ते गप्प करतात. परका तुकडा पहिल्यांदा आला तर त्याचा नमुना तिथे नसतो. नमुना तयार होईपर्यंत त्याला मोकळं रान मिळतं. एखाद्या वंशात सगळे तुकडे गप्प झाले की ते झिजत जातात. तेव्हा दुसऱ्या जातीत उडी मारणं हाच ट्रान्सपोझॉनचा तग धरण्याचा मार्ग ठरतो. बोव्ह-बी इतक्या वेगवेगळ्या वंशांत आज दिसतो तो यामुळे असावा, असं माझं मत आहे.

मध्यरेषा

मग पाण्यात हे जास्त घडतं असं म्हणायचं का?

सागरवेळा

कणाधारी प्राण्यांपुरतं तरी तसंच दिसतं. 2020 मध्ये 307 कणाधारी जीनोमची पाहणी झाली. त्यात ट्रान्सपोझॉनच्या आडव्या संक्रमणाच्या किमान 975 घटना मोजल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य माशांमध्ये आहेत. माशांत अंडी आणि शुक्रजंतू उघड्या पाण्यात येतात, हे एक संभाव्य कारण. पण समुद्री सापांत फलन शरीराच्या आतच होतं, त्यामुळे त्यांना ते कारण लागू पडत नाही.

वाळवंटी

शेवटचा प्रश्न, भाबडा वाटला तरी विचारतो. घरात काळजी करणारी मंडळी आहेत. साप चावलेल्या माणसात किंवा गायीचं दूध पिणाऱ्यात बोव्ह-बी येऊ शकतो का?

काचपट्टी

नाही. दुधातला डीएनए पचतो, आणि आपण खातो त्या प्रत्येक वनस्पती-प्राण्याच्या डीएनएचं तेच होतं. साप चावला तर धोका विषाचा असतो, विनाविलंब रुग्णालय गाठणं एवढंच महत्त्वाचं. हजारो वर्षं माणूस गुरांबरोबर राहतोय, दूध पितोय, तरी मानवी जीनोममध्ये बोव्ह-बी नाही. आपल्या जीनोमचा सुमारे 17 टक्के भाग एल-1 या दुसऱ्याच रेट्रोट्रान्सपोझॉनचा आहे, तो आईवडिलांकडून आलेला आहे, आणि त्याच्या काही प्रती आजही नव्या जागी उतरतात. त्यातून क्वचित एखाद्याला हिमोफिलियासारखा आजारही झाला आहे. अभ्यास करायचा तर तिकडे आधी पाहावं.

रानझरा

काचपट्टींशी सहमत. फक्त एक भर घालतो. मादागास्करच्या अभ्यासकांनी परजीवींमार्फत हे तुकडे माणसांपर्यंतही पोचू शकतील अशी शक्यता नोंदवली आहे. ती लाखो वर्षांच्या हिशोबातली शक्यता आहे, कुणा एका माणसाच्या आयुष्यातली नव्हे. पण त्यामुळे तिथल्या जळवा आणि गोचिडी गोळा करून, त्यांच्यातल्या तुकड्यांच्या कडा तपासण्याचं काम मला आता सगळ्यात निकडीचं वाटतं. काचपट्टी, तुम्ही वर सांगितलेल्या तपासणीवर वेगळा धागा काढलात तर फार बरं होईल.

काचपट्टी

काढतो. समुद्री मण्यारीच्या हार्बिंजर-स्नेकपासून सुरुवात करतो, त्याच्या कडा ओळखायला सोप्या आहेत.